आलेख पाठ करू नका, वाचा!



अकरावी-बारावीला वाणिज्य किंवा कला शाखा घेतलेली मुले-मुली आता आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना पुस्तपालनाची धास्ती वाटते, इंग्रजीची वाटते, हे घरच्यांना ठाऊक असते. पण अर्थशास्त्राच्या पेपरात 'आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा' हे चार शब्द आले की चांगल्या चांगल्या मुलांचे हातपाय गळतात, हे घरी फारसे कोणाला माहीत नसते.

रविवारच्या अभ्यासवर्गात मी मुलांना मागणीचा आलेख काढायला सांगतो. बहुतेक जण लगेच काढून दाखवतात. एक उभी रेघ, एक आडवी रेघ, मधून एक तिरपी रेघ, झाला आलेख! मग मी विचारतो, ही तिरपी रेघ काय सांगते? ती खालीच का उतरते? वर्ग गप्प होतो. याचा अर्थ असा की मुलांनी आलेख रांगोळीसारखा पाठ केलेला असतो. रांगोळी पाठ करून भागते. आलेखाचे तसे नाही. आलेख म्हणजे कोणीतरी केलेले विधान असते. शब्दांऐवजी ते रेघेने केलेले असते, एवढेच. विधान वाचायचे असते, समजून घ्यायचे असते आणि पटले नाही तर प्रश्नही विचारायचा असतो.

हा विषय केवळ परीक्षेतल्या चार-सहा गुणांचा असता तर या सदरात मी तो घेतला नसता. कारखान्यात पगारवाढीची बोलणी चालतात तेव्हा व्यवस्थापनाचा माणूस आलेख पुढे करतो. पैसे गुंतवा म्हणून सांगायला येणारा एजंट आलेख दाखवतो. टीव्हीवर महागाईचा आलेख दाखवतात. ज्याला तो वाचता येत नाही, त्याला दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून मान डोलवावी लागते. तेव्हा विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही हा लेख कागद-पेन्सिल घेऊन वाचावा, अशी विनंती आहे.

घरातला पहिला आलेख

आपल्या माताभगिनींना आलेख कळत नाही, असे कोणी म्हणू नये. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे गावोगावी, वस्तीवस्तीत अंगणवाड्या निघाल्या. अंगणवाडीत बाळाचे वजन करून ताई कार्डावर जे टिंब काढतात, तो आलेखच असतो. आडव्या रेषेवर बाळाचे वय महिन्यांत, उभ्या रेषेवर वजन किलोत. टिंब हिरव्या पट्ट्यात पडले तर वजन ठीक, पिवळ्यात पडले तर कमी आणि त्याच्याही खालच्या पट्ट्यात पडले तर फारच कमी.

त्या कार्डावर एकट्या टिंबावरून फारसे कळत नाही. मागच्या चार-पाच महिन्यांची टिंबे जोडली की खरी गोष्ट कळते. टिंब हिरव्या पट्ट्यात असले तरी रेघ सपाट झाली असेल, तर बाळाचे वजन वाढायचे थांबले आहे, आईने सावध व्हावे. हे ताई समजावतात आणि कमी शिकलेली आईदेखील ते पुरते समजून घेते. तिच्या या समजण्यात आलेखाचे तीन नियम आले. पहिला, आडवी रेषा कशाची आहे ते पाहा. दुसरा, उभी रेषा कशाची आहे ते पाहा. तिसरा, टिंबे जोडल्यावर रेघ कुठे चालली आहे ते पाहा. अर्थशास्त्राचा कोणताही आलेख याच तीन पायऱ्यांनी वाचायचा असतो.

कांद्याचा आलेख

आता आपण स्वतः एक आलेख काढू. कांदा घेऊ, कारण तो प्रत्येक घरात लागतो. खालचे आकडे समजावण्यापुरते, सोपे म्हणून घेतलेले आहेत. समजा, एका वस्तीत आठवड्याला कांद्याला अशी मागणी आहे :

किलोला १० रुपये भाव असता मागणी १०० किलो
किलोला २० रुपये भाव असता मागणी ८० किलो
किलोला ३० रुपये भाव असता मागणी ६० किलो
किलोला ४० रुपये भाव असता मागणी ४० किलो
किलोला ५० रुपये भाव असता मागणी २० किलो

पुस्तकात याला मागणी पत्रक म्हणतात. आलेख कागदावर एक उभी आणि एक आडवी रेषा काढा. त्यांना अक्ष म्हणतात. दोन्ही जिथे मिळतात तो आरंभबिंदू, तिथे शून्य लिहा. उभ्या अक्षावर किंमत, एक सेंटिमीटरला १० रुपये. आडव्या अक्षावर मागणी, एक सेंटिमीटरला २० किलो. हे प्रमाण कोपऱ्यात लिहून ठेवा. आता १० रुपयांच्या खुणेवरून सरळ उजवीकडे आणि १०० किलोच्या खुणेवरून सरळ वर जा. दोन्ही वाटा जिथे भेटतील तिथे टिंब द्या. असे पाचही टिंब देऊन पट्टीने जोडा. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ मिळेल. हाच मागणी वक्र. ती सरळ रेघ असली तरी पुस्तकात तिला वक्रच म्हणतात, त्याने गोंधळून जाऊ नये.

वाचताना बोट वापरा, लाजू नका. २५ रुपये भाव झाला तर मागणी किती? उभ्या अक्षावर २५ च्या जागी बोट ठेवा, उजवीकडे रेघेपर्यंत न्या, तिथून सरळ खाली उतरा. बोट ७० किलोवर येईल. ७० हा आकडा आपल्या पत्रकात नव्हता, तो रेघेने दिला. आलेखाचा पहिला फायदा तो हाच.

गणितात हुशार असलेली मुले इथे एका ठिकाणी अडतात. गणिताच्या तासाला शिकवतात की ज्याच्यामुळे बदल घडतो ती राशी आडव्या अक्षावर घ्यावी. किमतीमुळे मागणी बदलते, मग किंमत उभ्या अक्षावर का? ही शंका अगदी रास्त आहे. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नो यांनी १८३८ साली मागणीची रेघ काढली तेव्हा किंमत आडव्याच अक्षावर घेतली होती. पुढे १८९० साली इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शल यांचा 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' हा ग्रंथ आला. त्यांनी किंमत उभी आणि नग आडवे घेतले. त्यांचा ग्रंथ वर्षानुवर्षे शिकवला गेला आणि तीच पद्धत सगळीकडे रूढ झाली. तेव्हा अर्थशास्त्राच्या पेपरात मार्शल यांची पद्धत पाळावी, आणि ती एक रूढी आहे हे मनात ठेवावे.

उतार आणि चौकोन

आपल्या रेघेवर भाव १० रुपयांनी वाढला की मागणी दर वेळी २० किलोने घटते. उतार सगळीकडे सारखा आहे. म्हणून लोकांवर भाववाढीचा परिणामही सगळीकडे सारखाच होतो का? नाही. भाव १० वरून २० रुपये झाला म्हणजे तो दुप्पट झाला, १०० टक्के वाढला. मागणी मात्र १०० वरून ८० किलो, म्हणजे २० टक्केच घटली. तेच भाव ४० वरून ५० झाला म्हणजे २५ टक्के वाढला, तर मागणी ४० वरून २० किलोवर, म्हणजे निम्म्याने खाली आली. पहिल्या ठिकाणी मागणी कमी लवचिक आहे, दुसऱ्या ठिकाणी जास्त लवचिक. रेघ एकच, उतार एकच, लवचिकता मात्र वेगळी. उतार रुपये आणि किलो यांत मोजतात, लवचिकता टक्क्यांत मोजतात, हा फरक नीट लक्षात ठेवला तर एक मोठी अडचण कायमची दूर होते.

आता रेघेवरच्या ३० रुपयांच्या टिंबावरून एक रेषा डावीकडे आणि एक खाली काढा. एक चौकोन तयार होईल. त्याची उंची ३० रुपये, रुंदी ६० किलो. दोन्हींचा गुणाकार १,८०० रुपये. कांदेवाल्याच्या हातात आठवड्याला एवढे पैसे पडतात. १० रुपये भावाला १,००० रुपये पडतील, २० ला १,६००, ४० ला पुन्हा १,६०० आणि ५० ला पुन्हा १,०००. म्हणजे भाव वाढवत गेले की विक्रेत्याची मिळकत वाढतच जाते, हा समज खोटा आहे. एका मर्यादेनंतर ती उतरते. आपल्या भगिनी डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकतात, त्या हे अनुभवाने जाणतात. त्यांचे शहाणपण कागदावर मांडले की त्याचाच चौकोन होतो.

रेघेवरून घसरणे आणि रेघच सरकणे

आता पुरवठ्याची रेघ काढू. भाव जास्त मिळाला की विकणारे जास्त माल आणतात, म्हणून ही रेघ डावीकडून उजवीकडे वर चढते. समजा, १० रुपयांना २० किलो, २० ला ४०, ३० ला ६०, ४० ला ८० आणि ५० ला १०० किलो कांदा बाजारात येतो. त्याच कागदावर ही रेघ काढा. दोन्ही रेघा ३० रुपये आणि ६० किलो या बिंदूवर एकमेकींना छेदतात. हा समतोल. ४० रुपयांना ८० किलो माल येईल आणि गिऱ्हाईक ४० किलोच उचलेल, ४० किलो पडून राहील, मग भाव उतरेल. २० रुपयांना उलट ४० किलोची तूट पडेल, मग भाव चढेल.

परीक्षेत सगळ्यात जास्त गुण जातात ते पुढच्या प्रश्नावर. वर्तमानपत्रातही याच ठिकाणी गोंधळ असतो. कोणी म्हणतो, भाव वाढला म्हणून मागणी घटली. कोणी म्हणतो, मागणी वाढली म्हणून भाव वाढला. मग खरे काय? दोन्ही खरे, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव वाढला म्हणून आपण कमी कांदा घेतला, तेव्हा आपण जुन्याच रेघेवरून वर-डावीकडे गेलो. याला मागणीचा संकोच म्हणतात. भाव उतरला म्हणून जास्त घेतला तर मागणीचा विस्तार. पण दिवाळीचा बोनस हातात आला, वस्तीत लग्नसराई सुरू झाली, तर त्याच भावाला लोक जास्त कांदा मागतात. तेव्हा रेघच उजवीकडे सरकते. ही मागणीतील वृद्धी. उलट झाले तर ऱ्हास.

ओळखण्याची खूण सोपी आहे. जे बदलले ते अक्षावर लिहिलेले आहे का, हे पाहा. किंमत अक्षावर आहे. तिच्यामुळे बदल झाला असेल तर रेघेवरच घसरायचे. उत्पन्न, आवड, हवामान, सरकारी हुकूम हे अक्षावर नाहीत. त्यांच्यामुळे बदल झाला असेल तर रेघ सरकवायची.

करून पाहा. प्रत्येक भावाला मागणी २० किलोने वाढली असे समजा. नवी रेघ काढा. ती पुरवठ्याच्या रेघेला ३५ रुपये आणि ७० किलो या बिंदूवर छेदेल. मागणी २० किलोने वाढली, पण विक्री १० किलोनेच वाढली. उरलेली वाढ भावाने खाल्ली. हे नुसत्या तोंडी बोलण्यात सहसा लक्षात येत नाही, आलेख ते डोळ्यांसमोर ठेवतो.

याच नजरेने एक खरी घटना पाहू. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती अटींसह पुन्हा खुली केली. निर्यात बंद झाली म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांची मागणी लासलगावच्या बाजारातून निघून गेली. मागणीची रेघ डावीकडे सरकली, भाव खाली येणार हे उघड होते. शहरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना स्वस्त कांदा हवा असतो. निफाड-येवल्याकडच्या छोट्या शेतकऱ्याला मात्र त्याच स्वस्ताईने खर्चही भरून मिळत नाही. एकाच रेघेच्या सरकण्याने कोणाचे भले आणि कोणाचे नुकसान होते, हा प्रश्न आलेख पाहताना दर वेळी विचारावा. आलेख स्वतः होऊन त्याचे उत्तर देत नाही.

मजुरीचा आलेख

आता आपल्या पोटापाण्याच्या आलेखाकडे येतो. कांद्याच्या जागी श्रम आणि भावाच्या जागी मजुरी ठेवा. उभ्या अक्षावर मजुरी, आडव्यावर कामगारांची संख्या. मालकांची मागणी खाली उतरते, कामगारांचा पुरवठा वर चढतो. सुरुवातीच्या पुस्तकांमध्ये या आलेखावर एक आडवी रेषा समतोलाच्या वर काढतात आणि तिला किमान वेतन म्हणतात. त्या मजुरीला काम मागणारे जास्त, काम देणारे कमी. मधली फट म्हणजे बेकारी. सबब, किमान वेतन वाढवले तर गरिबांचेच काम जाते, असा निष्कर्ष काढून दाखवतात. पगारवाढीच्या बोलण्यांत हाच आलेख आपल्या माणसांसमोर धरला जातो आणि आपली माणसे निरुत्तर होतात.

निरुत्तर व्हायचे कारण नाही. आलेखाखाली बारीक अक्षरांत काय गृहीत धरले आहे, ते विचारा. 'इतर परिस्थिती कायम असताना' हे एक. दुसरे असे की बाजारात मालकही पुष्कळ आणि कामगारही पुष्कळ, मजुरी ठरवण्याची ताकद एकट्या कोणाच्याच हातात नाही. हे दुसरे गृहीत आपल्या गावात, आपल्या औद्योगिक वसाहतीत खरे आहे का? पंचक्रोशीत काम देणारा एकच कारखाना असेल तर? इंग्लंडच्या अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली आपल्या ग्रंथात नेमका हा विचार मांडला. एकट्या मालकाला आणखी एक माणूस घ्यायचा तर मजुरी वाढवावी लागते, आणि ती वाढ जुन्या सगळ्यांनाही द्यावी लागते. म्हणून तो मजुरीही कमी ठेवतो आणि माणसेही कमी घेतो. अशा ठिकाणी कायद्याने मजुरी थोडी वर ठरवली, तर एका मर्यादेपर्यंत मजुरी आणि कामगारांची संख्या, दोन्ही वाढू शकतात. आलेख तोच, गृहीत बदलले, उत्तर बदलले.

ही कागदावरची गोष्ट प्रत्यक्षातही तपासली गेली. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन तासाला ४ डॉलर २५ सेंटवरून ५ डॉलर ५ सेंट झाले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते वाढले नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर या दोघा अभ्यासकांनी दोन्हीकडची मिळून ४१० खाद्यगृहे पाहिली आणि १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. वेतन वाढल्यामुळे नोकऱ्या घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यांच्या आकड्यांवर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले, वादही पुष्कळ झाला. क्रुगर २०१९ साली वारले. कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. यावरून वेतन कितीही वाढवा, काही होत नाही, असे कोणी समजू नये. वाढ किती, बाजार कसा, मालक किती, यावर परिणाम अवलंबून असतो. म्हणून पुस्तकातला एक आलेख दाखवून कोणी विषय मिटवू पाहील, तर त्याला गृहीत विचारायचा आपला हक्क आहे.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ साली डी.एस्सी. झालेले बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. त्याच वर्षी त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात जागोजागी आकड्यांची कोष्टके आहेत. आधी आकडे तपासायचे, मग मत मांडायचे, ही त्यांची रीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना १९४६ साली त्यांनीच किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. कामगारांच्या बाजूने उभे राहणारा माणूस अर्थशास्त्रातही पक्का होता, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

फसवा आलेख कसा ओळखावा

खोटा आकडा न देताही आलेखाने फसवता येते. समजा, पगार १५,००० वरून १५,३०० रुपये झाला. वाढ फक्त २ टक्के. आता उभा अक्ष शून्यापासून न काढता १४,९०० पासून सुरू करा. पहिली पट्टी १०० रुपयांएवढी उंच होईल, दुसरी ४०० रुपयांएवढी. पाहणाऱ्याला वाटेल, पगार चौपट झाला! आकडे खरे, चित्र फसवे. म्हणून पट्ट्यांचा आलेख दिसला की उंची पाहण्याआधी उभ्या अक्षाच्या तळाशी कोणता आकडा आहे, ते पाहा.

दुसरी हातचलाखी महागाई लपवण्याची. एखाद्याचा पगार काही वर्षांत १०,००० वरून १५,००० रुपये झाला. आलेखात रेघ झोकात वर चढलेली दिसते. पण त्याच काळात किमतींचा निर्देशांक १०० वरून १४० झाला असेल तर? १५,००० ला १४० ने भागून १०० ने गुणा. उत्तर सुमारे १०,७१४ येईल. म्हणजे जुन्या भावांत मोजले तर खरी वाढ ५,००० नसून सुमारे ७१४ रुपयांची आहे. केंद्र सरकारचा कामगार विभाग औद्योगिक कामगारांसाठी असा ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध करतो आणि अनेक ठिकाणचा महागाई भत्ता त्याला जोडलेला असतो. युनियनच्या कार्यकर्त्यांनी पगाराच्या रेघेशेजारी निर्देशांकाची रेघ काढूनच बोलणी करायला बसावे.

तिसरी गोष्ट सुरुवातीच्या वर्षाची. ज्या वर्षी भाव पडलेले होते तिथून आलेख सुरू केला की वाढ मोठी दिसते. ज्या वर्षी भाव चढलेले होते तिथून सुरू केला की तीच वाढ लहान दिसते. आलेख याच वर्षापासून का सुरू केला, असा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही.

आपले आलेख आपण काढू

वाचता येणे ही अर्धी विद्या, उरलेली अर्धी काढण्यात आहे. १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाची गुलामगिरी संपून जेमतेम ३५ वर्षे झाली होती. अटलांटा विद्यापीठातील प्राध्यापक डू बॉइस यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने सुमारे ६० रंगीत आलेख हाताने काढून तिथे मांडले. आपल्या समाजाची जमीन किती, मालमत्ता किती, शाळेत जाणारी मुले किती, कोण कोणत्या धंद्यात, हे सारे त्यात होते. हे लोक पुढे येऊच शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी मोजून, काढून उत्तर दिले. त्यांच्याजवळ तेव्हा संगणक नव्हता; कागद, शाई, रंग आणि चिकाटी होती.

आपणही घरापासून सुरुवात करू. बऱ्याच वीजबिलांवर मागच्या महिन्यांच्या युनिटचे आकडे असतात. त्यांच्या उभ्या पट्ट्या मुलांकडून काढून घ्या. कोणत्या महिन्यात पट्टी उंच आणि का, यावर घरात बोलणे होऊ द्या. पुढचे आठ आठवडे दर रविवारी कांद्याचा भाव आणि घरात घेतलेला कांदा वहीत लिहा. आठव्या रविवारी त्याची टिंबे द्या. ती पुस्तकासारखी एका रेघेत पडणार नाहीत, इकडेतिकडे विखुरतील. त्या रविवारी पाहुणे आले होते, पगार उशिरा झाला होता, अशी कारणे निघतील. 'इतर परिस्थिती कायम असताना' या शब्दांचा अर्थ मुलांना त्या दिवशी कळेल, आणि तो ते कधी विसरणार नाहीत.

परीक्षार्थींसाठी चार सूचना. आलेखाला शीर्षक द्या. दोन्ही अक्षांची नावे, एकके आणि प्रमाण लिहा. आकृती टोकदार पेन्सिलीने व पट्टीने काढा, समतोलाच्या बिंदूला नाव द्या, रेघ सरकली असेल तर बाणाने दिशा दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचे, आकृतीखाली स्वतःच्या शब्दांत दोन-तीन वाक्ये लिहा : आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, रेघ कुठून कुठे गेली आणि त्याचे कारण काय. ही वाक्ये ज्याला लिहिता आली, त्याला आलेख समजला. परीक्षकालाही ते लगेच कळते.

पालकांना एवढेच सांगणे आहे की मुलांना 'आकृती पाठ झाली का?' असे विचारू नका. 'ही रेघ काय म्हणते, मला समजावून सांग,' असे म्हणा आणि शेजारी बसून ऐका. तुम्हाला समजेपर्यंत त्याला सांगावे लागेल, आणि सांगता सांगता त्याचे पक्के होईल.

पुढील लेखात निर्देशांक कसा तयार करतात आणि महागाई भत्त्याचा हिशेब त्यावरून कसा करतात, ते पाहू. तोवर वहीत टिंबे देत राहा.

जयभीम!